हाताला तळ लागेना

तळकाकांचं खरं नाव कोणाला ठाऊक असेल तर ते त्यांच्या बायकोला, आणि ती जन्मभर त्यांना 'अहो'च म्हणत आली. बाकी सगळ्यांना ते तळकाका. धरणाचं पाणी साठण्याआधी त्या जागी दगडाची खाण होती, आणि त्या बुडालेल्या खाणीचा तळ या माणसाला स्वतःच्या घराच्या फरशीसारखा माहीत होता. नावेत बसून गळाची दोरी तर्जनीवर घेतली की डोळे मिटून ते सांगत, "आता खडी. आता मोठा दगड. आता कपार आली, जपून. आता चिखल, इथे काही नाही, चला पुढे." नावेतल्या कोणीतरी चेष्टा करायची, "काका, खाली कोणाचं घरबिर दिसतं का?" त्यावर काका म्हणत, "दिसतं ना. पण भाडं नाही परवडायचं तुम्हाला."

त्यांचं मासेमारीच्या सामानाचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. भिंतीवर रॉड उभे, काउंटरच्या काचेखाली रिळं, आणि एका उथळ लाकडी खोक्यात कप्पे करून मांडलेल्या जिग. जिग म्हणजे शिशाचं डोकं ओतलेला गळ. डोक्यामागे रबराच्या बारीक पट्ट्यांची झालर, आणि गळाच्या टोकापुढे ताठ केसांचा एक छोटा झुपका, दगडात टोक रुतू नये म्हणून. पाण्यात सोडून तळावरून हळू ओढली की दगडांतून एखादा लहानसा खेकडा चालल्यासारखं दिसतं. बास माशाचा जीव त्या खेकड्यावर. तो दगडाच्या सावलीत दबा धरून बसतो आणि खेकडा समोरून गेला की गिळतो.

गिऱ्हाइकाने येऊन "एक भारीतली जिग द्या आणि एक भारीतली दोरी" म्हटलं की काकांच्या कपाळाला आठ्या पडत.

"भारीतली म्हणजे? टाकणार कुठे? चिखलात की दगडात?"

"दगडात, काका."

"मग हे गोल डोकं ठेवा खाली. गोल डोकं कपारीत जातं आणि तिथेच संसार थाटतं. हे घ्या, आडवं, रुंद. हे दगडावरून लोळतं, शिरत नाही. वारा नसेल तर हलकं घ्या, वारा असेल तर जड. आणि दोरी कसली लावलीय?"

"विणलेली. दुसरा एक दुकानदार म्हणाला, बैल बांधला तरी तुटणार नाही."

"बैलच बांधा मग तिला. ताणलेली विणलेली दोरी दगडाच्या धारेवर घासली की सुतासारखी तुटते. साधा नायलॉनचा तंगूस लावाल तर तो लांबतो, माशाने तोंड लावल्याची बातमी हाताला पोचेपर्यंत मासा घरी गेलेला असतो. दगडात फ्लोरोकार्बनची दोरी. घासणं सोसते, लांबत नाही, पाण्यात दिसत नाही. आणि तरीसुद्धा तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही."

मग ते दाखवत. जिगच्या गाठीपासून हातभर दोरी ओठांमधून सरकवायची. कुठे एवढासा खरखरीतपणा लागला की तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारायची. बोटं राकट होतात, ओठ होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडून शिकलेला प्रत्येक माणूस दोरी ओठांतून ओढायचा.

जिग ते घरीच ओतत. मागची खोली त्यासाठी ठेवलेली. शेगडीवर लोखंडी भांडं, त्यात जुनं शिसं वितळत असायचं. वर आलेली मळी काका पळीने काढून एका डब्यात झटकत आणि मग साच्यात ओतत. खोलीची खिडकी कायम बंद. वारं लागलं की शिसं साच्यात पोचण्याआधी थिजतं आणि जिगच्या डोक्याला खड्डे पडतात. गिऱ्हाईक खड्ड्याची जिग घेत नाही. त्यामुळे खिडकी उघडलीच तर काकूंना ऐकून घ्यावं लागे, आणि त्यांनी ती उघडायचं कधीच सोडून दिलं होतं.

चिंगी ही त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, पण सकाळी नवरा कामावर गेला की ही मागच्या खोलीत हजर. साच्यातून निघालेल्या डोक्यांच्या कडा कानशीने घासायच्या, रंग द्यायचा, झालर बांधायची. झालरीचा दोरा ती दातांनी तोडायची, आणि दोन्ही हात अडकले की जिग ओठांत धरायची, शिवणकाम करणारी बाई टाचण्या धरते तशी. सवय बापाची. शाळेत असल्यापासून त्याच्या मांडीला मांडी लावून बसून ती उचललेली.

तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा सगळं अर्ध्यावर संपलं. कारण कोणालाच सांगता आलं नाही. दुसऱ्या वेळेनंतर ती पलंगावरून उठेना, बोलेना. नवरा बिचारा दाराशी उभा राहून परत जायचा. शेवटी काका स्वतः गेले आणि तिला घेऊन आले. "भिंतींकडे बघत बसू नकोस," ते म्हणाले. "माझ्याजवळ बस. हात चालू राहिले की डोकं जरा गप्प बसतं." त्यांनी तिची खुर्ची शेगडीशेजारी मांडली, कारण त्या खोलीत ऊब तिथेच होती. उपाय लागू पडला. लेक हळूहळू माणसांत आली, काकूंशी भांडूसुद्धा लागली. हे आपण केलं याचा काकांना मनातल्या मनात फार अभिमान होता. बापाला असा अभिमान वाटतो तेव्हा त्याला कोणी हटकत नाही, आणि हटकायला हवं होतं.

आता तिसरी खेप होती. या वेळी दिवस पुढे सरकले होते, पोट दिसायला लागलं होतं. काकूंनी कपाटाच्या खालच्या कप्प्यात दोन टोपडी शिवून ठेवली होती आणि आपण ती ठेवलेलीच नाहीत असा चेहरा करून त्या घरात वावरत होत्या. त्या विषयावर मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. सगळं घर श्वास रोखून बसलेलं.

नेमकं याच सुमाराला काकांच्या हाताला तळ लागेनासा झाला.

आधी त्यांनी दोरीला दोष दिला. नवीन खोक्यातली दोरी खराब निघाली म्हणून सगळी काढून टाकली आणि बारीक फ्लोरोकार्बन भरली. खडी कुठे संपते आणि दगड कुठे सुरू होतो ते तरीही कळेना. मग जन्मभर ज्या विणलेल्या दोरीला शिव्या घातल्या, तीच रिळावर चढवली आणि पुढे फक्त वावभर, दोन हात पसरल्याएवढी, फ्लोरोकार्बन जोडली, कारण विणलेल्या दोरीतून तळाची बारीकसारीक कुरबूरही हातापर्यंत येते. तीही येईना. शेवटी शिसं सोडून टंगस्टनच्या जिग मागवल्या. टंगस्टन कडक, दगडाला लागलं की टणकन कळतं, असं ते इतरांना सांगत आले होते. त्या जिग बघून काकू म्हणाल्या, "अहो, आता सोन्याच्या मागवा. त्या तरी बोलतील तुमच्याशी." काका हसले नाहीत. दगड सगळीकडे सारखाच लागत होता, कापसात गुंडाळल्यासारखा.

बाकीही कुरबुरी होत्याच. पोटात पीळ पडायचा, तोंडाला नाणं चोखल्यासारखी चव यायची. कप उचलताना उजवा पंजा मनगटातून खाली लोंबायचा. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून त्यांनी डावा हात पुढे करायला सुरुवात केली. राग मात्र वाढला होता. पूर्वी तो बोलण्यात खुमारी आणायचा, आता नुसताच बोचायचा.

दातांचे डॉक्टर हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. सुट्टीच्या सकाळी काकांच्या नावेतून ते खाणीच्या कड्यापाशी बास धरायला जात. त्या दिवशी डॉक्टरांची दोरी गुंतली होती म्हणून काकांनी आपली दोरी पाण्यात सोडली होती. डॉक्टर गुंता सोडवता सोडवता सहज पाण्याकडे बघत होते, आणि त्यांना दिसलं की काकांची दोरी आडवी चालली आहे. मासा जिग तोंडात घेऊन निवांत निघाला होता.

"काका! लागलाय!"

"कुठे?"

"तुमच्या दोरीला! ओढा ना!"

काकांनी ओढलं तेव्हा दोरी सैल आली. माशाने जिग थुंकून टाकली होती. काकांनी जिग वर घेतली, सवयीने दोरी ओठांतून सरकवायला तोंड उघडलं, आणि डॉक्टर समोरून वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काका, तसंच उघडं ठेवा जरा."

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा दात मोजता का?"

"दात नाही, हिरड्या बघतोय. ही निळी रेघ कधीपासून आहे?" आणि मग, चेष्टेचा सूर अजिबात नसलेल्या आवाजात, "तुम्ही शिसं घरीच वितळवता ना?"

त्यांनी काकांना रक्त तपासायला लावलं. पुढच्या सोमवारी तपासणीचा निकाल घेऊन काका त्यांच्या दवाखान्यात गेले. बाहेर बाकावर गाल धरून बसलेली माणसं होती, म्हणून डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं आणि दार लावलं. रक्तात शिसं होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं. मनगट, पोट, तोंडाची चव, सगळं त्याचंच. मोठ्या दवाखान्यात औषधोपचार होतील, पण शेगडी आजच्या आज बंद. मळीची आणि कानशीची भुकटी सगळ्यांत वाईट, ती हातावरून तोंडात जाते.

"त्या खोलीत आणखी कोण बसतं?" डॉक्टरांनी विचारलं.

काका म्हणाले, "कोणी नाही. मी एकटाच."

"नशीब. घरात कोणी गरोदर असेल तर तिला त्या खोलीकडे फिरकूसुद्धा देऊ नका. पोटातल्या जिवापर्यंत पोचतं हे. मूल टिकत नाही."

काकांनी मान हलवली. टोपी घातली, डॉक्टरांचे आभार मानले, बाहेरच्या बाकावरच्या एकाला ओळखीचं हसूसुद्धा दिलं. रस्त्यावर आल्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर ते बसले. 'मी एकटाच' हे शब्द कुठून आले ते त्यांनाही कळेना. इतकंच वाटलं होतं की हो म्हटलं तर ते खरं होईल. माणसाच्या भित्रेपणाला असली कारणं अगदी तोंडपाठ असतात.

घरी आल्यावर त्यांनी शेगडी विझवली. काकूंना सांगितलं की हात दुखतोय, काही दिवस ओतणार नाही. चिंगी आपल्या खुर्चीत बसून आधी ओतलेली डोकी घासत होती. तिला म्हणाले, "तू घरी जा. काम नाही आता."

"एवढी डोकी पडलीत की. ही करते ना मी."

"नको म्हटलं ना."

"का पण? बसल्या जागी तर करते. घरी काय भिंती बघू?"

त्यांचंच वाक्य होतं ते. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. चार शब्द होते. पण तिचा हात पोटावर होता, आणि ती त्यांच्याकडे बघून हसत होती. काकांनी समोरची एक तयार जिग उचलली आणि नको तेच बोलले.

"ही झालर बघितलीस? एका बाजूला झुकलीय. कडा तशाच. गिऱ्हाइकं तोंडावर बोलतात मला. तुझं लक्ष नसतं हल्ली. असल्या कामापेक्षा काम न केलेलं बरं. जा तू घरी."

झालर सरळ होती. चिंगीने जिग हातात घेऊन उलटसुलट पाहिली, तिला काय चुकलं ते दिसेना. तोंडात मारल्यासारखी ती उठली आणि गेली. काकूंनी काकांना जेवताना चांगलंच फैलावर घेतलं, "पोटुशा पोरीला असं बोलतात?" काका खाली मान घालून जेवत राहिले. मनात म्हणत होते, बोलू दे, रागावू दे, खोलीपासून तर लांब गेली. मूल नीट होईल, मग सांगू. मग सांगायचीही गरज पडणार नाही.

पुढचे दिवस त्यांनी असेच ढकलले. चिंगी आली नाही. काका रोज नाव घेऊन पाण्यात जात आणि दोरी न टाकता परत येत. आठवड्याच्या शेवटी ते मागच्या खोलीत मळीचा डबा बाहेर न्यायला गेले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घासायच्या डोक्यांचं खोकं जागेवर नाही. इतके दिवस त्या खोलीचं दार त्यांनी उघडलंच नव्हतं.

"अगं, इथलं खोकं कुठे गेलं?"

"चिंगीने नेलं," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्याच दिवशी संध्याकाळी येऊन घेऊन गेली. रंग, झालरी, कानस, सगळं. म्हणाली, 'बाबांना एकही खोट काढता येणार नाही असं करून दाखवते.' तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली होती. आता जा आणि चार गोड शब्द बोला तिच्याशी."

काका चपला न घालताच निघाले.

चिंगीच्या घराचं दार उघडं होतं. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर करड्या भुकटीचा थर, शेजारी अर्धा प्यायलेला चहा आणि उघडा बिस्किटांचा पुडा. पलीकडे तयार जिग ओळीने मांडलेल्या, सगळ्या एकसारख्या, खरोखरच एकही खोट नसलेल्या. आणि तिच्या ओठांत एक जिग होती.

बापाला बघून तिने ती ओठांतून काढली आणि पुढे केली. "काढा आता चूक," ती म्हणाली. राग होता, पण त्याच्या खाली कौतुकाची वाट बघणं होतं.

"तोंड धू," काका म्हणाले.

"काय?"

"आधी तोंड धू. हात धू. ते टाक खाली, चिंगे, टाक ते."

त्यांनी सांगितलं. उलटसुलट सांगितलं, मधलं आधी आणि आधीचं नंतर, पण सगळं सांगितलं. हिरड्या, रक्त, भुकटी, पोटातला जीव. चिंगीने हातातली जिग वर्तमानपत्रावर ठेवली, मोरीपाशी गेली आणि नळ सोडून चुळा भरायला लागली. एक, मग आणखी एक, मग आणखी. बऱ्याच वेळाने तिने पाठमोऱ्यानेच विचारलं,

"आधीची दोघं?"

"मी विचारलं नाही डॉक्टरांना," काका म्हणाले. "पण हो. बहुतेक त्यामुळेच."

तिने नळ बंद केला. "मला वाटायचं, मी स्टुलावर चढले म्हणून," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळी. वरच्या फळीवरचा डबा काढायला चढले होते. कोणाला सांगितलं नाही मी. यांनासुद्धा नाही. रोज वाटायचं, तो डबा तिथेच राहिला असता तर काय बिघडलं असतं."

"नाही गं. तुझं काही चुकलं नव्हतं. एवढंसुद्धा नाही."

ती रडायला लागली. कितीतरी दिवस अडवून धरलेलं मोकळं झाल्यासारखी रडली. पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "तुम्हाला तरी काय माहीत होतं, बाबा. माहीत असतं तर मला बसू दिलं असतंत का तिथे?"

काकांचा जीव क्षणभर भांड्यात पडला. तो पडला याची त्यांना नंतर जन्मभर लाज वाटायची होती.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

'आत्ताच' म्हणता आलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता. काकांनी टेबलावरच्या जिगकडे पाहिलं.

"सोमवारी," ते म्हणाले. "मी तुला घरी जा म्हणालो ना, त्याच्या आधी."

चिंगी टेबलाकडे वळली. खोक्यात घासायची एखाद-दोनच डोकी उरली होती, बाकी सगळी ओळीत तयार होती. एका हाताने तिने पोट धरलं आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राच्या कडा आत दुमडायला घेतल्या, भुकटी सांडू नये म्हणून, अगदी हळू.

"उद्या यांच्याबरोबर जाईन मी रक्त द्यायला," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका. आईलाही मीच सांगेन."

"चिंगे..."

"जा तुम्ही, बाबा."

काका दाराबाहेर आले. मागे नळ पुन्हा सुरू झाला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत त्यांना तो ऐकू येत राहिला.